दार चार फुटी ठेवा : सायकलवाल्यांसाठी बांधलेल्या खोलीची हकीगत

दिवाळी झाली की मुंबईहून गोव्याला किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर निघालेली माणसं आमच्या दारावरून जायला लागतात. मांडवा, मुरूड, दिघी, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी, हर्णै, दाभोळ. मग फेरीबोटीने धोपावे, तिथून गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून पुन्हा बोटीने जयगड. आमचं घर आणि आंब्या-काजूची बाग हेदवीच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, तवसाळच्या जेट्टीच्या दहा-बारा किलोमीटर अलीकडे. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला सायकलवाले फणसाखाली टेकायचे, पाणी मागायचे आणि विचारायचे, "ताई, इथे राहायची सोय कुठे आहे?"

मीही सायकल चालवते. लॉजवर पोचल्यावर "सायकल खाली पार्किंगमध्ये लावा" असं ऐकलं की पोटात कसं गोळा येतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे २०२१-२२ च्या थंडीत घरात ठरलं की चार सायकलस्वार आणि त्यांच्या चार सायकली एका छपराखाली रात्रभर राहतील अशी खोली बांधायची. पहिले पाहुणे आले नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात काय काय झालं ते क्रमाने लिहिते आहे. कोकणात असं काही करायचं मनात असेल तर यातलं बरंच तुमच्याही वाटेला येईल.

सुरुवात सातबाऱ्यापासून. आमचा सातबारा सामाईक आहे, चुलत सासरे आणि दीर धरून पाच नावं. रीतसर वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे जावं लागतं, आणि घरात सगळं सुरळीत असताना त्या वाटेला जावंसं कोणालाच वाटलं नाही. आम्ही संमतीपत्र घ्यायचं ठरवलं. मार्च २०२२ च्या शिमग्याला मुंबईकर मंडळी गावात होती. पालखी घरी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ओटीवर सगळ्यांना बसवून कुठे, किती गुंठ्यात आणि कशासाठी बांधायचं ते कागदावर दाखवलं. थोरल्या काकांनी एकच विचारलं, "झाड तोडणार नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली. शंभराच्या मुद्रांकावर संमतीपत्र, नोटरी आणि प्रत्येकाच्या आधारची प्रत एवढं दोन दिवसांत झालं. सामाईक जमीन असेल तर शिमगा किंवा गणपती गाठा. एरवी पाच माणसांच्या सह्या जमवायला वर्ष जातं.

मोजणीचा अर्ज लगेच टाकला, कारण पाऊस सुरू झाला की सड्यावरची मोजणी लांबते. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी झाली आणि हद्दीच्या खुणा पडल्या. खुणा पडताच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन चिऱ्यांवर रंग मारून ठेवा. पावसानंतर गवत कमरेइतकं वाढतं आणि खुंट्या सापडत नाहीत.

मग अकृषिक, म्हणजे शेतजमिनीवर बांधकाम करण्यासाठीची बिगरशेती मंजुरी. आमची जागा वाडीच्या गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत येते. तेव्हाच्या नियमाने अशा जमिनीला निवासी वापरासाठी कलम ४४ ची वेगळी परवानगी घ्यावी लागत नव्हती. कलम ४२-ड प्रमाणे रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की सनद, म्हणजे तसा सरकारी दाखला, मिळायची. हे मला आधी कोणीही सांगितलं नव्हतं. एका अनुभवी तलाठ्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा केवढं ओझं उतरलं. गावठाणाचा नकाशा पहिल्याच दिवशी मागून घ्या. समुद्राचं म्हणाल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध लागतात. आमचा सडा त्या पट्ट्याच्या बराच बाहेर आहे, म्हणून तो प्रश्न आला नाही. किनाऱ्यालगत जागा असेल तर पैसे खर्च करण्याआधी हे तपासून घ्या. रस्त्यापासून किती अंतर सोडायचं तेही रस्त्याच्या वर्गावर ठरतं. आम्ही नियमाहून जास्तच मागे सरकलो, कारण रेवस-रेडी सागरी महामार्गात जयगड खाडीवर पूल प्रस्तावित होता आणि उद्या हा रस्ता रुंद होऊ शकतो.

जुलै २०२२ मध्ये अर्ज केला, सनद हातात आली जानेवारी २०२३ मध्ये. या सहा महिन्यांनी मला फार दमवलं. एका कार्यालयात फाईल महिनाभर एकाच टेबलावर होती आणि प्रत्येक वेळी नवा कागद मागितला जायचा. चिडचिड व्हायची, घरी येऊन रडूही यायचं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, ग्रामपंचायतीत बरीच वर्षं काम केलेले. ते म्हणाले, "बाळा, तोंडी काही विचारू नकोस. लिहून दे आणि पोच घे." तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला लागले. पुढच्या वेळी आवक क्रमांक सांगितला की फाईल शोधायला माणूस उठायचा.

त्याच हिवाळ्यात खोलीचं खरं काम झालं, तेही अंगणात. आमच्याकडे घरापुढे मोठं खळं आहे. डिसेंबरात सारवलेल्या खळ्यावर चुन्याच्या फक्कीने खोलीचा पूर्ण मापाचा आराखडा काढला. भिंती, दार, पलंग, न्हाणी, सगळं. पाणी प्यायला थांबलेल्या सायकलवाल्यांना सांगितलं, "सामानासकट सायकल आत घेऊन दाखवाल का?" बहुतेकांनी हौसेने दाखवलं.

त्यातून कळलेलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार. सायकल एकटी आत जात नाही, तिच्या शेजारी माणूस चालत असतो. हँडल दोन-सव्वादोन फुटांचं, मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि डाव्या हाताला माणूस. तीन फुटी दाराच्या रेघांमधून प्रत्येक जण पिशवीने चुना पुसत गेला. साडेतीनला चुना कमी पुसला गेला, चारला कोणाचाच नाही. आमचं दार चार फुटी, दोन फळ्यांचं आहे. एरवी एक फळी उघडते, सायकल आली की दोन्ही.

दुसरं, सायकलींची जागा. एक सायकल सहा फूट लांब असते. चारी एकाच दिशेने लावल्या तर हँडल हँडलला अडतं. एकाचं तोंड भिंतीकडे, पुढच्याचं दाराकडे, असं उलटसुलट लावलं की चार सायकली साडेसहा फूट रुंदीत बसतात. भिंतीवर हुक लावून सायकल उभी टांगायची कल्पना चुन्याच्या रेघांवरच बाद झाली. दिवसभर ऐंशी किलोमीटर चालवून आलेल्या माणसाला लादलेली सायकल उचलून टांगवत नाही.

तिसरी गोष्ट मी नुसती बघत बसून शिकले. आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात माणूस खोलीत जातच नाही. सायकल कशाला तरी टेकवतो, टेकतो, बूट काढतो, पाणी पितो, तोंड धुतो, मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधतो. पलंग त्याला नंतर हवा असतो. म्हणून खोली १२ बाय १८ फुटांतच ठेवली आणि पडवीची रुंदी वाढवून सात फूट केली. पडवीचं तोंड पूर्वेला घेतलं, म्हणजे दुपारी पाहुणे येतात तेव्हा तिथे सावली असते आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येची झड मागच्या भिंतीवर जाते. फणस वाचवायला सगळी इमारत थोडी तिरकी बसवावी लागली. फणस तोडायला परवानगी लागते हा मुद्दा होताच, पण काकांना शब्द दिला होता.

हा आराखडा शृंगारतळीतल्या एका तरुण इंजिनिअरला दिला. त्याने नियमात बसवून नकाशे काढले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बांधकाम परवानगीला टाकले. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव आणि ना हरकत दाखला सोबत जोडला. एप्रिलमध्ये परवानगी आली. मोजणी, कर, नकाशे, नोटरी, झेरॉक्स आणि येणं-जाणं धरून कागदांवर ३८ हजार खर्च झाले.

मला लगेच पाया खणायचा होता. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आता जोतं काढाल आणि मृगाला भिंती उघड्या राहतील. दसऱ्याला नारळ फोडा." पावसाळाभर थांबणं जिवावर आलं, पण इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छप्पर न चढलेल्या भिंतींचं काय होतं ते गावात पाहिलेलं होतं. त्या महिन्यांत सामानाचे भाव काढले आणि जांभ्या दगडाचे चिरे आधी सांगून ठेवले. ऑक्टोबरात सगळेच बांधायला काढतात आणि खाणीवर रांग लागते.

२०२३ च्या दसऱ्याला काम सुरू झालं. सड्यावर पाया म्हणजे कातळ. फुटाभर माती गेली की ब्रेकर लावावा लागला, पण खाली एवढा पक्का दगड मिळाल्यावर पाया खोल न्यायची गरज उरली नाही. जोतं दीड फूट उंच, चिऱ्याचं. पायऱ्या फक्त बाजूला आहेत. समोरून चार फूट रुंद उतार केला आहे, एकास आठ या प्रमाणात, म्हणजे दीड फुटाला बारा फूट लांब. लादलेली सायकल न थांबता वर येते. उतारावर फरशी घातली नाही. खरखरीत काँक्रीटमध्ये ओलं असतानाच झाडूच्या काड्यांनी आडव्या रेघा ओढल्या. आत आणि पडवीत पॉलिश न केलेली शहाबादी आहे. पॅडलला अडकणाऱ्या बुटांच्या तळाला धातूची किंवा प्लॅस्टिकची क्लीट असते, ती गुळगुळीत टाइल्सवर घसरते. टाइल्स घालू नका.

भिंतींना चौदाशेच्या आसपास चिरे लागले, जागेवर पोच ४२ रुपयांनी. बाहेरून गिलावा केला नाही, चिरा उघडा आहे. आता चिऱ्याचा पृष्ठभाग खरखरीत, त्याला सायकल टेकवली की रंग खरवडला जातो आणि हँडलची टेप फाटते. म्हणून पडवीच्या भिंतीपासून सहा इंच सुटा, ३२ इंच उंचीवर सुरूचा आडवा वासा बसवला आणि त्याला काथ्याची दोरी गच्च गुंडाळली. मिस्त्रींच्या बायकोने एका दुपारीत ती दोरी वळसा वळशाला चिकटवून गुंडाळली, एक फट राहू दिली नाही. सायकल त्यावर टेकते, सरकत नाही, ओरखडा पडत नाही. त्याच्या समोर सोळा इंच उंचीचा कट्टा, कट्ट्याशेजारी नळ. पूर्ण बांधकामात याला खर्च सर्वांत कमी आला आणि पाहुणे हात लावून बघतात ते हेच.

छपरावर घरात वाद झाला. पत्रा स्वस्त आणि झटपट. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोलीकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं तेव्हा आमच्याच वाडीतले पत्रे बागेत येऊन पडले होते. शिवाय पत्र्याखाली दुपारी दोन वाजता थकलेल्या माणसाला झोप लागणं शक्य नाही. मंगलोरी कौलं घेतली. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचा, खाली भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने पकडलेला. कडेच्या कौलांच्या ओळी तारेने बांधल्या आणि कोने चुना-सिमेंटात बसवले. छपराला एक लाख दहा हजार लागले. खारं वारं लक्षात घेऊन कड्या-कोयंडे, हुक, स्क्रू सगळं स्टेनलेस स्टीलचं घेतलं. साध्या लोखंडाच्या कडीला इथे दोन पावसाळे पुरत नाहीत.

शौचालयाला दोन शोषखड्डे आहेत, एक भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवता येतो. जांभ्यातून पाणी झिरपतं, म्हणून विहिरीपासून जितकं दूर जाता येईल तितके दूर, उताराच्या खालच्या अंगाला खणले. न्हाणीत गरम पाण्याला १०० लिटरचं सोलर आहे. वीज घरच्याच मीटरवर भार वाढवून घेतली. खोलीत साडेतीन फूट उंचीवर लांब फळी आणि तिच्यावर आठ सॉकेट आहेत. चार माणसांचे चार मोबाइल, दिवे, सायकलचे मीटर, कोणाचा कॅमेरा. आठही भरलेले असतात. जमिनीलगतचे सॉकेट ठेवूच नका, ओले कपडे पिळणारी माणसं आहेत ही.

बाहेर सायकल धुवायची वेगळी जागा केली. फेरीबोटीवर उडालेलं खारं पाणी साखळीवर राहिलं तर एका रात्रीत तांबूस थर दिसतो. तिथे नळ, जुने ब्रश, फडकी आणि दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा पायपंप ठेवला आहे. साखळीचं काळं तेल बागेत जाऊ नये म्हणून त्या पाण्याला वाळू-खडीचा वेगळा खड्डा दिला.

मार्च २०२४ मध्ये बांधकाम आटोपलं. पलंग आणि गाद्यांसकट खर्च सहा लाख ऐंशी हजारांपर्यंत गेला, कागदांचे पैसे वेगळे. सोसायटीचं कर्ज तीन लाखांचं, बाकी दोन हंगामांच्या आंब्याचे पैसे.

तो पावसाळा आम्ही खोली मुद्दाम रिकामी ठेवली. जुलैच्या झडीत रात्री बॅटरी घेऊन जायचे आणि भिंतींवरून हात फिरवायचे. पश्चिमेच्या भिंतीला एका कोपऱ्यात ओल आली. तिथे छपराची वळचण फूटभर वाढवली आणि पावसाळ्यापुरते विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायला कड्या ठोकल्या. हे पाहुणे असताना कळलं असतं तर निस्तरणं कठीण होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीच्या मागे लागले. ग्रामपंचायतीत घरपट्टीची आकारणी होऊन नमुना ८ ला नोंद घेतली. मग पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून अर्ज केला. राज्याच्या २०२० च्या धोरणात शेतकऱ्याकडे किमान एक एकर शेती असावी लागते, बागेमुळे ती अट बसली. नोंदणीचं शुल्क २,५०० रुपये ऑनलाइन चलनाने भरलं. स्थळपाहणीला आलेल्या मॅडमनी दोन सायकली आत घेऊन बघितल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची मूळ नोंदणीही लागते, छोट्या व्यवसायाला तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. परदेशी पाहुणा मुक्कामाला राहिला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, तेव्हा त्यासाठी फॉर्म सी होता. या रस्त्याने युरोपातले सायकलस्वार येतात, त्यामुळे त्याचं लॉगिन आम्ही पहिल्या पाहुण्याआधीच करून घेतलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी ते शांतपणे समजावून दिलं.

पहिला हंगाम चांगला गेला. माणशी ७०० रुपये, त्यात मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. सायकलवाले पहाटे पाचला निघतात, तवसाळची पहिली बोट धरायची असते. म्हणून नाश्ता आदल्या रात्री सांगायचा आणि साडेचारला पडवीत मिळतो : आंबोळ्या, चटणी, केळी, चहा. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, किल्लीसाठी कोणाला उठवावं लागत नाही. पाहुण्यांच्या सांगण्यावरून दोन गोष्टी वाढवल्या. पडवीत छपराखाली कपडे वाळवायच्या चार दोऱ्या आल्या, कारण दवामुळे बाहेरचे कपडे सकाळी ओलेच असायचे. आणि प्रत्येक पलंगाजवळ वेगळा छोटा दिवा आला, म्हणजे लवकर निघणाऱ्याला मोठा दिवा लावून बाकीच्यांची झोप मोडावी लागत नाही.

आता पाण्याचं काम हातात घेतलं आहे. एप्रिलपासून सड्यावरची विहीर तळाला जाते आणि टँकर मागवावा लागतो. खोलीचं छप्पर पडवीसकट ४५ चौरस मीटरच्या आसपास आहे. तीन मीटर पाऊस धरला तर त्यावरून सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी वाहून जातं. सगळं साठवायची टाकी परवडणार नाही. १० हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी मागच्या बाजूला घालतो आहोत. सुरुवातीचे पाऊस वाहू द्यायचे आणि सप्टेंबरात ती भरून घ्यायची. ते पाणी सायकली धुवायला आणि शौचालयाला वापरलं तर विहिरीचं पिण्यापुरतं राहील. टाकीच्या चौथऱ्याचे चिरे आले आहेत. मिस्त्री मोकळे झाले की दिवाळीआधी काम सुरू होईल.